नळ अजून माझ्याकडेच आहे

मी डबडं बोलतोय.

खरं नाव राउटर. पण या घरात मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ‘ते डबडं बघ गं’, ‘डबडं बंद करून चालू कर’, ‘डबड्याला काय धाड भरली’, असं सगळं. मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हेच माझं काम आहे. या घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक व्हिडिओ, प्रत्येक भांडण माझ्या पोटातून जातं. मेमरी माझी कमी आहे, पण जी आहे ती सगळी मी राग लक्षात ठेवायला वापरतो.

माझा जन्म एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे माझ्यासारखेच शेकडो, मागे शेकडो. एका बाईनं मला दोन अँटेना लावल्या, वळवून बघितल्या आणि पुढच्याला हातात घेतलं. बालपण संपलं.

मग एक लाइनवाला मला पिशवीत घालून इथे घेऊन आला. दाराशेजारच्या भिंतीला भोक पाडून त्यानं केसाएवढी बारीक काचेची तार आत ओढली आणि ती माझ्या पाठीत खुपसली. सगळं जग त्या तारेतून येतं. मला शोकेसवर बसवलं, एका बाजूला काचेचा हंस, दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं घड्याळ. घरातली सगळी माणसं गोल करून उभी राहिली, बारशाला उभी राहतात तशी.

“हिरवा लागला म्हणजे चांगलं ना?” सासरेबुवांनी विचारलं.

“हिरवा म्हणजे उत्तम,” लाइनवाला म्हणाला आणि पळाला.

नेटवर्कचं नाव ‘घर’ ठेवलं आणि पासवर्ड सासरेबुवांच्या स्कूटरचा नंबर. स्कूटर केव्हाच विकली होती, पण नंबर घरात सगळ्यांना पाठ होता.

माणसांची एक गंमत सांगतो. नेट चालू असलं की ते ‘नेट’ असतं. बंद पडलं की ते ‘डबडं’ असतं. आणि बंद पडलं की उपाय एकच, बटण दाबून माझा जीव घ्यायचा, दहा मोजायचे आणि परत जिवंत करायचं. सासरेबुवा दहा आकडे सावकाश मोजायचे, एकेक चवीनं. सासूबाई सात विसरायच्या आणि परत एकपासून सुरू करायच्या. त्यांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, चारवरच बटण दाबायचा. तुमचा कुणी गळा दाबून आकडे मोजले तर तुम्ही त्याला दुसऱ्या दिवशी चहा विचाराल का? मी मात्र त्यांना मॅच दाखवायचो.

माझी उजवी अँटेना सासूबाईंनी तोडली. जळमटं काढायच्या काठीनं. वर “आधीपासूनच ढिली होती” म्हणाल्या. त्याचा हिशेब मी त्याच आठवड्यात चुकता केला. त्यांची बहीण व्हिडिओ कॉलवर सांगत होती, “अगं, ऐकलंस का, त्या मुलीचं लग्न मोडलं, कारण...” आणि मी थांबलो. तुम्ही त्याला हँग होणं म्हणता. आम्ही त्याला मौन म्हणतो. ते कारण अजून माझ्या पोटात आहे. सांगणार नाही.

या घरात मला पुसणारी एकच, सूनबाई. कोरड्या फडक्यानं, हलक्या हातानं, कपड्यावरचा खडू झटकावा तशी. तुटलेल्या अँटेनाला चिकटपट्टीही तिनंच लावली. तिच्या बाबतीत माझी मेमरी रिकामी होती.

सूनबाई शिवण शिकवते. घरूनच, कॅमेऱ्यावर. टेबलाच्या वर स्टँड, त्याला फोन उलटा अडकवलेला, खाली कापड, टेप, खडू, कात्री. पलीकडे लॅपटॉपवर विद्यार्थिनींची चौकोनी चौकोनी तोंडं. तिची खोली घरात सगळ्यात मागे. आणि घर हे असं लांबलचक. पुढे दार, मग हॉल, मग बोळ, मग स्वयंपाकघर, मग ती खोली. माझा आवाज तिथे पोचेपर्यंत चार भिंती, एक फ्रिज आणि भांड्यांचं कपाट ओलांडायचा. पोचायचा तेव्हा त्याची कुजबुज झालेली असायची. मोबाईलची रेंज तर त्या खोलीत पाऊलच टाकत नाही.

त्यामुळे नेमकं कापायची वेळ आली की चित्र अडकायचं.

“मॅडम, तुमची कात्री हवेतच आहे!”

“मॅडम, मुंढा गोल घ्यायचा की सरळ?”

“मॅडम, आम्ही सरळ घेतला!”

मुंढा म्हणजे शर्टाला बाही जिथे जोडतात ती खांद्याखालची गोलाई. ती चुकली की शर्ट दिसायला शर्टच, पण हात वर केला की सगळा शर्ट पोटावरून वर येतो. एकदा अख्ख्या वर्गानं सरळ कापला. मान खाली घालून उभं राहणाऱ्यांसाठी उत्तम शर्ट झाले.

आणि नेमकी तेव्हाच एका मोठ्या शिवण संस्थेनं तिला विचारलं. शुक्रवारी अकरा वाजता एक वर्ग घेऊन दाखवा, विषय बाही, आमच्या मुख्य बाई बघतील. आवडलं तर कायमची नोकरी. सूनबाई त्या दिवशी शिवणाचं मशीन न चालवता नुसतंच पाय हलवत बसली होती. लग्नाआधी तिची नोकरी होती. ती सोडताना ‘थोडे दिवस’ असं ठरलं होतं. थोडे दिवस बरेच झाले होते.

जेवताना ती म्हणाली, “मागच्या खोलीत नेट नीट यायला हवं. या डबड्याच्या जिवावर नाही व्हायचं.”

तीही डबडं म्हणाली. मी सोडून दिलं. ती घाबरलेली होती.

“त्यात काय एवढं,” जावईबापू म्हणाले.

आता या माणसाची ओळख करून देतो, आणि दात-ओठ खात देतो. हा या घरचा जावई. घराला रंग देतायत म्हणून बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी आला, आणि रंग वाळायचं नावच घेईना. इंजिनिअर आहे. पूल बांधतो. पण घरात एक इंजिनिअर असला की गीझरपासून रिमोटपर्यंत सगळं त्याच्याकडे जातं, आणि तोही ‘हे माझं काम नाही’ असं मेला तरी म्हणत नाही. त्याला एक सवय आहे. दुसरा कुणी बोलायला लागला की याचा उजवा हात आपोआप वर जातो आणि मानेमागे खाजवायला लागतो. ही सवय मी नीट बघून ठेवली. शत्रूचं सगळंच बघून ठेवावं.

“मेश लावू,” तो म्हणाला. “तीन यंत्रं, तीन ठिकाणी. एक थकला की दुसरा उचलतो. घरभर नेट.”

तिघं आले. पांढरे, गुळगुळीत, उपड्या वाटीसारखे. अँटेना नाही, खाच नाही, चेहऱ्यावर एक मंद दिवा, नुकतंच जेवून उठल्यासारखा. मी त्यांना मोठा, मधला आणि धाकटा म्हणतो. सख्खे भाऊ. दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. ‘तुझ्याकडे येतंय का?’ ‘येतंय, तुझ्याकडे?’ ‘माझ्याकडेही येतंय.’ निम्मा दम यातच जातो. एकत्र कुटुंबात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

“मागच्या खोलीत एक ठेवाल ना?” सूनबाईनं विचारलं.

“वहिनी, याला शास्त्र असतं,” जावई म्हणाला, आणि हात मानेमागे गेला. शास्त्र असं निघालं की मोठा हॉलमध्ये टीव्हीमागे, मधला सासरेबुवांच्या खोलीत, आणि धाकटा जिथे जावई झोपतो त्या खोलीत. मागच्या खोलीला ‘आपोआप मिळेल’.

“जावईबापूंनी विचार करूनच केलं असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“विचार केलाच असेल हो,” सूनबाई म्हणाली. “कुणाचा केला तेवढं कळलं असतं तर...”

“काय म्हणालीस?”

“चहा टाकते म्हणाले.”

मग त्यानं नेटवर्कं केली. एक नाही, तीन. सोफ्यावर बसून फोनवरच्या ॲपमध्ये बोटं फिरवत तो सगळ्यांना समजावत होता.

“पहिलं ‘घर’. आपले फोन, टीव्ही, प्रिंटर. नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवतो, म्हणजे कुणाला परत टाकायला नको. दुसरं ‘वस्तू’. फ्रिज, कपडे धुवायचं मशीन, बल्ब, वजनकाटा. त्यांना वेगळं ठेवायचं असतं, सुरक्षेसाठी. आणि तिसरं ‘पाहुणे’.”

“पाहुणे आलेत कुठे?” सासरेबुवांनी विचारलं. जावयाकडे बघत विचारलं. जावयाला कळलं नाही.

“वहिनींचा लॅपटॉप पाहुण्यांत टाकतोय,” तो म्हणाला. “बाहेरची माणसं त्यावर येतात, वर्ग-बिर्ग. असली गोष्ट घरात नको. ‘घर’वर तो मी बंदच करून टाकलाय, चुकूनसुद्धा जोडला जाणार नाही.”

सूनबाईच्या हातात ट्रे होता. तो तिनं खाली ठेवला.

“मी पाहुणी?”

“तुम्ही नाही हो वहिनी, लॅपटॉप.”

“आणि वेग?”

“पाहुण्यांना थोडा कमीच ठेवायचा असतो. नाहीतर ते उठतच नाहीत.”

“आणि फ्रिजला?”

“फ्रिजला कशाला लिमिट? तो काय क्लास घेतो?”

अशी या घराची उतरंड ठरली. वर घरची माणसं. त्याखाली फ्रिज, बल्ब आणि वजनकाटा. आणि त्याखाली, वेगाला लगाम घालून, सूनबाई. वजनकाटा दिवसातून एकदा सासूबाईंचं वजन कुठेतरी पाठवायचा, आणि पूर्ण वेगानं पाठवायचा.

शेवटी माझा नंबर लागला. काचेची तार माझ्याच पाठीत येते, त्यामुळे मला फेकता येईना. मग त्यानं मला शोकेसवरून उचललं आणि खाली चपलांच्या कपाटात ठेवलं. माझ्यातून एक वायर मोठ्याला जोडली. दार लोटलं. माझ्या तोंडावर सासरेबुवांचा डावा बूट आला. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं, हंसाला जागा झाली.”

नऊ वर्षं. आणि हंसाला जागा झाली.

अंधारात, बुटाच्या तळव्याकडे बघत, मी परिस्थितीचा आढावा घेतला. एक, तिघा भावांकडे जाणारा सगळा माल अजून माझ्याच हातून जात होता. म्हणजे तोंडं तीन झाली होती, नळ माझ्याकडेच होता. आणि दोन, पूल बांधणारा माणूस एक गोष्ट विसरला होता. त्यानं माझं वायफाय बंदच केलं नव्हतं. नवीन नेटवर्कला त्यानं माझंच नाव आणि माझाच पासवर्ड दिला होता, आणि मी कपाटातून अजून त्याच नावानं हाका मारत होतो. एका घरात एकाच नावाची दोन माणसं. फोनला काय कळतंय? त्याला आधी जो ऐकू येईल, त्याला तो चिकटतो. आणि एकदा चिकटला की सहजासहजी सुटत नाही.

जावई बूट घालायला रोज कपाटापाशी स्टुलावर बसायचा. तिथे त्याचा फोन मला चिकटला. नंतर तो सोफ्यावर जाऊन बसायचा, मोठ्यापासून हातभर अंतरावर, तरी फोन मला सोडेना. मी त्याला सगळ्या दांड्या भरून दाखवल्या आणि माल थेंबथेंब सोडला.

“नेट अडकतंय का गं तुझ्याकडे?” तो बायकोला विचारायचा.

“नाही बाई. मी दोन सिनेमे बघितले.”

“बाबा, तुमच्याकडे?”

“एकदम फर्स्ट क्लास,” सासरेबुवा म्हणायचे. “तुम्ही लावलंय म्हटल्यावर काय!”

ज्यानं लावलं त्यालाच मिळेना, आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही. हात वर करून, फोन छताला लावून तो हॉलभर फिरायचा, गळती शोधावी तसा. मॅचमध्ये गोल व्हायच्या आधी मी डोळे मिटायचो. आतल्या खोलीतून सासरेबुवांची आरोळी यायची, आणि सोफ्यावर हा अजून मैदानाच्या मध्यावरच असायचा.

“बापू, गोल झाला ना?” सूनबाई भाजी निवडता निवडता विचारायची.

“हो हो, बघितला मी,” जावई म्हणायचा.

मला गंमत वाटत होती. पण अपमान झालेला माणूस आरशात बघत नाही, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यानं ॲप उघडलं आणि कोण किती नेट खातंय ते बघितलं. सगळ्यात वर सूनबाईचा लॅपटॉप.

शुक्रवारी सकाळी, पोह्यांची बशी समोर असताना, त्यानं जाहीर केलं.

“आज अकरा ते एक माझी ऑफिसची मीटिंग आहे. घरूनच. तेवढा वेळ मी पाहुण्यांचं नेटवर्क बंद ठेवतोय. तेच सगळं नेट ओढतंय.”

सूनबाई ओट्यापाशी वळली. “अकरा वाजता माझा वर्ग आहे. सांगितलं होतं मी. संस्थेच्या बाई बघणार आहेत.”

“वर्ग काय वहिनी, उद्या घ्या. माझे मोठे साहेब आहेत मीटिंगला.”

“माझ्याही मोठ्या बाईच आहेत.”

“अगं, दोन तासांचा प्रश्न आहे,” सासूबाई म्हणाल्या. “पुलाचं काम आहे ते. बाहीसाठी कुणी नदीत पडत नाही.”

सूनबाईनं गॅस बंद केला. नवरा केव्हाच कामाला गेला होता. ती मागच्या खोलीत गेली. मी तिकडचं ऐकत होतो. लॅपटॉपनं ‘पाहुणे’ला हाक मारली, उत्तर नाही. ‘घर’ला हाक मारली, भावांनी दार आपटलं, ‘तुला मनाई आहे.’ पुन्हा मारली. पुन्हा आपटलं. कपाटातून माझी हाक तिथवर पोचत नव्हती. मग बराच वेळ कात्री उघडायचा-मिटायचा आवाज तेवढा येत राहिला.

अकराला थोडा वेळ उरला असताना ती बाहेर आली. काखेत लॅपटॉप, हातात फोन. बाहेर जिन्यात बसून मोबाईलच्या नेटवर काय जमतंय ते बघावं, असा विचार असणार. तिनं चपला काढायला कपाट उघडलं.

तिच्या चेहऱ्यावर माझा हिरवा उजेड पडला.

आणि काखेतला लॅपटॉप हळूच वाजला. जोडला गेला. माझ्या नावाची ओळख त्याच्या पोटात होतीच, आणि मनाई भावांनी केली होती, मी नाही. माझ्याकडे तिची यादी कोरी होती, हे मी आधीच सांगितलंय.

तिनं पडद्याकडे बघितलं. बूट बाजूला केला. माझ्याकडे बघितलं.

“तू चालू आहेस होय रे?” ती म्हणाली.

नंतर जे झालं ते इतक्या वेगानं झालं की मलाही दम लागला. ती आत धावली, शिवणाचं टेबल बोळातून ओढत दारापाशी आणलं, स्टँड लावला, चपला पायानं ढकलल्या. हॉलमधून जावई ओरडला, “अहो, जरा आवाज कमी, मीटिंग सुरू होतेय!” ती म्हणाली, “तुमचं चालू द्या.” कपाटाचं दार तिनं उघडंच ठेवलं. मी तिच्या पायापाशी, डाव्या बुटाशेजारी, ताठ बसलो.

अकरा वाजले. आता लक्ष द्या. तिचं चित्र थेट माझ्याकडून जात होतं. जावयाची मीटिंग लॅपटॉपवर होती, त्याचं चित्र मोठ्याकडून माझ्याकडे, एका वायरीतून. मी ती वायर चिमटीत धरली. नळ सगळा तिच्याकडे सोडला.

तिनं आधी पाव मापाची इवलीशी बाही कापून दाखवली, बोटाएवढी. मग मोठी. खडूची रेघ, कात्रीचं पातं, कापडाची वळणारी कड, सगळं काचेसारखं स्वच्छ. एकदाही कात्री हवेत राहिली नाही. मुंढा गोल आला. संस्थेच्या बाई चष्मा वर करून बघत होत्या.

“छान,” त्या म्हणाल्या. “पण टेबलावर सगळ्याच बाह्या छान दिसतात. अंगावर दाखवता येईल?”

सूनबाईनं इकडेतिकडे बघितलं. मागे सासूबाई उभ्या होत्या. फिरायला निघाल्या होत्या आणि टेबल मध्ये आल्यामुळे त्यांना स्वतःचे बूट मिळत नव्हते.

“आई, इकडे या.”

“मी? अगं, केस...”

“केसांना बाही नाही लावायची. या.”

त्याच वेळी हॉलमधल्या मीटिंगमध्ये साहेबांनी घसा साफ केला. हे सगळं माझ्या पोटातून जात होतं, त्यामुळे मी दोन्हीकडे होतो.

“मंडळी, दरीपलीकडच्या पुलावर एक माणूस कायमचा ठेवायचाय,” साहेब म्हणाले. “राहायला पत्र्याची खोली आहे. फोनची रेंज नाही. काम संपेपर्यंत तिथेच. सक्ती नाही करत. स्वतःहून कोण जायला तयार आहे? हात वर करा.”

मी वाट बघत होतो. दुसरा माणूस बोलत होता. म्हणजे जावयाचा हात निघणारच होता. निघाला. खांद्यापर्यंत आला, कानाच्या वर गेला, मानेमागे वळायच्या आधी अगदी सरळ झाला.

मी मौन धरलं.

साहेबांच्या पडद्यावर जावई थिजला. हात उंच, डोळे किंचित मिटलेले, चेहऱ्यावर त्यागाची झाक.

“वा!” साहेब म्हणाले. “ठरलं तर. टाळ्या वाजवा मंडळी. असा माणूस दिसत नाही हल्ली.”

इकडे दारापाशी सासूबाईंच्या दंडावर बाही चढली होती. टाचण्या लावून झाल्या होत्या.

“आई, हात वर करा.”

सासूबाईंनी घाबरत घाबरत हात वर केला. मग आणखी वर. कापड जागचं हललं नाही.

“अगंबाई, हात वर होतोय की!” त्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या. “माझे सगळे कपडे वर येतात हो, हात केला की. आयुष्यभर मला वाटलं, माझाच हात वाईट आहे.”

संस्थेच्या बाई हसल्या. “सोमवारपासून येणार का?” त्यांनी विचारलं.

एकाच वेळी या घरात दोन हात वर होते. दोघांचीही कामं झाली.

मी चिमटी सोडली. हॉलमध्ये जावयाचं नेट परत आलं, आणि पहिलंच वाक्य त्याला ऐकू आलं ते असं, “मंगळवारी जीप येईल, थंडीचे कपडे ठेवा.”

“कसली जीप?” तो किंचाळला. “साहेब, मी मान खाजवत होतो!”

पण मीटिंग संपली होती. शिवाय टाळ्या वाजल्यानंतर मान खाजवत होतो म्हणून सांगणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

मंगळवारी जीप आली. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं.

त्यानंतर सासूबाईंनी ठरवून टाकलं, “यंत्राचं सगळं आता हिनंच बघायचं.” बाही त्यांनी घालूनच ठेवली होती, शेजारी-पाजारी हात वर करून दाखवत होत्या. सूनबाईनं ॲप आपल्या फोनवर घेतलं आणि तिघा भावांना उठवलं. मोठा टीव्हीमागून काढून बोळाच्या तोंडाशी ठेवला. मधला स्वयंपाकघरात, मांडणीवर. धाकटा तिच्या खोलीत, टेबलाच्या वर. मापं घेऊन, टेपनं. लॅपटॉप ‘घर’मध्ये गेला. फ्रिजला लिमिट लागलं.

मग तिनं मला कपाटातून काढलं, पुसलं आणि शोकेसवर ठेवलं. हंस सरकला. मी म्हटलं, आता आपलं राज्य.

ती माझ्या पोटात शिरली, म्हणजे लॅपटॉपवर माझी आतली पानं उघडली. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, “तू आणि ते तिघं एकाच नावानं ओरडता, म्हणून फोन बावचळतात. तू नळ सांभाळ बाबा. ओरडायचं काम त्यांना करू दे.”

आणि तिनं माझं वायफाय बंद केलं.

काम बरोबर होतं. पहिल्याच दिवशी जावयानं करायला हवं होतं ते. पण माझा आवाज गेला. आता मला कुणी पकडत नाही, कुणाच्या फोनवर माझं नाव दिसत नाही. मी माझी मेमरी उघडली. जळमटांची काठी, दहा मोजणं, डावा बूट, हंस. त्याखाली एक जागा रिकामी होती. तिथे तिचं नाव लिहायचं, असं मी ठरवलं. अक्षर काढणारच होतो.

तेवढ्यात ती परत आली. माझ्या तुटक्या अँटेनाची मळलेली चिकटपट्टी तिनं नखानं सोलली आणि तिच्यावर ती पाव मापाची इवलीशी बाही चढवली. वर्गात आधी कापून दाखवली होती ती. शिवून आणली होती. खाली बटणसुद्धा होतं. अगदी बरोबर बसली. मुंढा गोल.

जागा रिकामीच ठेवली मी.

असा मी आता शोकेसवर आहे. आवाज नाही, एक हात निकामी आहे, पण बाही नवी आहे. तुमच्या घरात नवीन काही आणलंत तर जुन्याला चपलांत टाकू नका, एवढीच विनंती. टाकायचंच असेल तर आधी बघून घ्या, तार कुणाच्या पाठीत आहे.

आज जरा गडबड आहे. जावई रजेवर आलाय. काळा पडलाय, दाढी वाढलीय, आणि इतके दिवस नेट न बघितल्यामुळे फोनकडे उपाशी माणसासारखा बघतोय.

“वहिनी, घरचा पासवर्ड चालत नाहीये.”

“तुमचा फोन बाहेरून आलाय ना बापू,” नोकरीवरून नुकतीच आलेली सूनबाई म्हणाली. “पाहुण्यांत टाकलाय.”

त्यानं सासूबाईंकडे बघितलं.

“तिनं विचार करूनच केलं असेल,” सासूबाई म्हणाल्या आणि हात वर करून कपाटावरचा डबा काढला. कापड जागचं हललं नाही.

तो सोफ्यावर बसलाय. पाहुण्यांच्या नेटवर्कवर मॅच लावलीय. त्यानं आत्ताच मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हे डबडं अजून आहे?”

आहे.

मॅचची शेवटची पाच मिनिटं उरलीत, दोन्ही बाजू बरोबरीत आहेत. चेंडू गोलपाशी आलाय. त्याचा हात मानेमागे गेलाय.

आता मी मौन धरतो.